वुजू टिकत नाही, लघवी थांबत नाही: दोष नुसता वयाचा नाही

वुजू करून सफमध्ये उभं राहावं आणि तेवढ्यात लघवीची घाई व्हावी. असं दोन-चारदा झालं की आपले बुजुर्ग मशिदीत जाणंच सोडतात. बायका तर वर्षानुवर्षं कुणाला बोलत नाहीत. ‘वय झालं’ म्हणून आपणही विषय सोडून देतो, आणि इथेच चुकतो.

लघवीच्या पिशवीची भिंत डिट्रुसर नावाच्या स्नायूची असते. पिशवी भरेपर्यंत, म्हणजे साधारण ४०० ते ५०० मिलीपर्यंत, त्यानं सैल राहायचं आणि आपण बाथरूमला गेलो की आवळायचं. तो मध्येच आवळू लागला की घाई होते, रात्री वारंवार उठावं लागतं, कपडे ओले होतात.

पण सगळ्यांचा स्नायू सारखा बिघडत नाही. युरोडायनॅमिक तपासणीत बारीक नळीनं पिशवीत हळूहळू सलाइन भरून आतला दाब मोजतात. काहींच्या आलेखात भरतानाच लाटांसारखी आकुंचनं दिसतात. अशांना घाई थोडी थोडी रोखायची सवय लावता येते. काहींची पिशवी मात्र शेवटपर्यंत शांत असते, मग एकच आकुंचन येतं आणि सगळी लघवी होऊन जाते. लकवा येऊन गेलेल्या बुजुर्गांत हे दिसतं. त्यांना इशाराच उशिरा मिळतो, म्हणून घरच्यांनी घड्याळ बघून दर दोन-तीन तासांनी बाथरूमला न्यावं. रागावून काय उपयोग?

मणक्याला मार लागलेल्यांचं प्रकरण जास्त गंभीर. पिशवी आवळते त्याच वेळी लघवी रोखणारा खालचा स्नायूही आवळू शकतो. आत दाब चढत राहतो आणि किडनी खराब होते.

आणखी एक. काही बुजुर्गांचा स्नायू भलत्या वेळी आवळतो, पण पिशवी रिकामी करायला त्याच्यात जोर नसतो. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी यांनी घेतली तर लघवी तुंबू शकते. म्हणून लघवी करून आल्यावर आत किती उरते, ते आधी सोनोग्राफीत पाहावं लागतं.

नळीची तपासणी प्रत्येकाला लागत नाही. आधी लघवी आणि शुगर तपासावी. लघवीत रक्त दिसलं तर थांबू नये. नमाज सोडायचं कारण नाही. माजूरांसाठी शरीअतमध्ये सवलत आहे, तपशील आपल्या आलिमांना विचारावा. आणि तीन दिवस एका वहीत लिहावं: किती वाजता गेलो, किती लघवी झाली, चहा-पाणी किती घेतलं, कपडे कधी ओले झाले. डॉक्टरांकडे जाताना ती वही सोबत न्यावी. अम्मीला संकोच वाटत असेल तर लेडी डॉक्टर शोधावी.