‘आँखें’ : एका हेरपटाचे फेरमूल्यमापन

कलाकृतीचे वय केवळ पंचांगावरून मोजता येत नाही. काही कृती जन्मतःच वृद्ध असतात, तर काहींच्या अंगी काळ जसजसा लोटतो तसतसे नवे तेज येते. हेरपटाची गोष्ट मात्र या दृष्टीने विशेष बिकट आहे. त्याचे सारे आकर्षण दोन गोष्टींत असते : नवलाईत आणि रहस्यात. रहस्य पहिल्याच खेळात फुटते आणि नवलाई चार-सहा वर्षांत विटते. मग जुन्या हेरपटात उरते तरी काय? रामानंद सागर यांच्या ‘आँखें’ (१९६८) या हिंदी चित्रपटाच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विचाराला निमित्त घडले ते गौतमपुऱ्यात. इंदूर जिल्ह्यातील हे गाव मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाने वसले. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तेथे हिंगोटाचे युद्ध होते. हिंगोटाचे फळ पोखरून त्यात दारू ठासतात आणि गौतमपुऱ्याचा ‘तुर्रा’ व शेजारच्या रुणजीचा ‘कलंगी’ हे दोन पक्ष ती पेटती फळे परस्परांवर फेकतात. ही नावे ऐकताच मराठी माणसाला शाहिरांच्या कलगी-तुऱ्याची आठवण व्हावी, हे स्वाभाविकच आहे. एका दिवाळीत मी तेथील आप्तांकडे उतरलो होतो. युद्धाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी घरातील मंडळींनी दूरदर्शन संचावर ‘आँखें’ लावला. आदल्या संध्याकाळी खरी आग अंगावर येताना पाहिलेली ती मुले. चित्रपटातील स्फोट पाहून त्यांना हसू आवरेना. बिनतारी यंत्रे, शत्रूचा गुप्त अड्डा, खलनायकांचे गडगडाटी हास्य, या साऱ्यांची त्यांनी यथेच्छ टिंगल केली. पुढे मात्र एक वेळ अशी आली की, खोलीतले हसणे थांबले. पडद्यावर त्या वेळी ना स्फोट होता, ना पिस्तूल. ललिता पवार होत्या.

या घटनेचे मर्म कळण्यासाठी चित्रपटाचा काळ थोडा ध्यानी घ्यावयास हवा. १९६२ चे चिनी आक्रमण आणि १९६५ चे पाकिस्तानशी झालेले युद्ध यांच्या जखमा ताज्या होत्या. तिकडे १९६२ च्या ‘डॉक्टर नो’पासून जेम्स बाँडच्या चित्रपटांनी जगभर लाट उसळवली होती, आपल्याकडे १९६७ साली ‘फर्ज’ येऊन गेला होता. या दोन प्रवाहांच्या संगमावर ‘आँखें’ उभा आहे. धर्मेंद्र व माला सिन्हा यांच्या प्रमुख भूमिका, साहिर लुधियानवी यांची गीते, रवी यांचे संगीत आणि इंदुरात जन्मलेल्या लता मंगेशकरांचा स्वर, एवढी सामग्री त्यात होती. चित्रपट अमाप चालला आणि सागर यांना दिग्दर्शनाचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. यातील हेर सरकारी नोकर नाहीत. स्वयंप्रेरणेने देशरक्षणास निघालेले ते नागरिक आहेत. योगायोग असा की, परदेशांतील गुप्तवार्ता मिळविण्यासाठी ‘रॉ’ या संस्थेची स्थापना भारत सरकारने याच १९६८ साली केली.

आता या चित्रपटातील जुने काय झाले ते पाहू. सर्वांत आधी यंत्रे जुनी झाली. आज शाळकरी मुलाच्या खिशातही जे यंत्र असते, ते त्या बिनतारी पेटाऱ्यांपेक्षा कितीतरी समर्थ आहे; तेव्हा त्यांच्याकडे पाहून कोणाचा श्वास रोखला जाणार? त्याखालोखाल जुनी झाली ती नायिकेविषयीची दृष्टी. माला सिन्हांची मीनाक्षी धाडसी आहे, देशोदेशी फिरणारी आहे. परंतु तिच्या धाडसाला पटकथेने नायकावरील अनुरागाचेच इंधन दिले आहे. परदेशातील दृश्यांचे मात्र काही वेगळेच झाले. बैरूतचे रस्ते आणि सागरकिनारा १९६८ साली केवळ शोभेसाठी होते. पुढे १९७५ ते १९९० या काळात लेबनॉन यादवी युद्धात होरपळला. आज ते शहर पडद्यावर निवांत उभे असलेले पाहताना मन चरकते. जी सजावट होती तिचा दस्तऐवज झाला. हे श्रेय दिग्दर्शकाचे नव्हे, काळाचे होय.

आणि जे जुने झाले नाही ते ललिता पवारांचे काम. त्यांची भूमिका आहे शत्रूच्या हस्तकाची. पण ही हस्तक वडीलधाऱ्या नातलग स्त्रीचे रूप घेऊन देशभक्त कुटुंबाच्या घरात राहते. घरातील लहान मुलाचे अपहरण होते आणि त्याच्या जिवाच्या भीतीने घरातील माणसांवर दडपण येते. येथे यंत्र नाही, अड्डा नाही. आहे ते ओळखीचे माजघर आणि त्यात वावरणारी एक परकी नजर. येवल्यात जन्मलेल्या या अभिनेत्रीला १९४२ साली एका चित्रीकरणात बसलेल्या थपडेमुळे चेहऱ्याचा पक्षाघात झाला आणि तिचा डावा डोळा कायमचा बारीक राहिला. नायिकेची वाट तेथे खुंटली. परंतु त्याच व्यंगातून तिने पुढील अर्धशतकाची कारकीर्द उभी केली. ‘आँखें’ नावाच्या चित्रपटात सर्वांत लक्षात राहावा तो हाच दुखावलेला डोळा, यात केवळ योगायोग नाही. शीर्षकगीत सरहद्दीवर पहारा देणाऱ्या डोळ्यांचा गौरव करते; ललिताबाईंचा डोळा मात्र सांगतो की, पहारा चुकतो तो उंबरठ्यावर.

त्या वेळच्या प्रेक्षकाला त्या कजाग सासू म्हणून जशा ठाऊक होत्या, तशाच ‘अनाडी’ (१९५९) मधील मायाळू मिसेस डिसा म्हणूनही ठाऊक होत्या. म्हणून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहताना प्रेक्षकाच्या मनात विश्वास आणि संशय यांचे सतत द्वंद्व चाले. सागर यांनी पुढे १९८७ साली सुरू झालेल्या आपल्या ‘रामायण’ मालिकेत मंथरेची भूमिका त्यांनाच दिली, हेही सूचक आहे. घर बाहेरून जिंकता येत नसेल तर ते आतून फोडावे लागते, ही गोष्ट मंथरेइतकी जुनी आहे आणि तितकीच ताजी.

हा नियम एका चित्रपटापुरता नाही. विशाखदत्ताचे ‘मुद्राराक्षस’ पाहा. चाणक्याचा हेर निपुणक यमपट दाखवीत, गाणी म्हणत चंदनदासाच्या घरात शिरतो. एक लहान मूल कुतूहलाने दाराबाहेर डोकावते. एक स्त्री त्याला घाईने आत ओढते आणि तिच्या बोटातील राक्षसाची मुद्रा निसटून उंबऱ्याशी घरंगळते. साऱ्या कारस्थानाची किल्ली चाणक्याला येथे सापडते. राजकारणाची गुंतागुंत वाचक कदाचित विसरेल. पण ते मूल, तो हात आणि ती अंगठी विसरणार नाही. ‘आँखें’मध्येही नायकाच्या बाजूची माणसे भिक्षेकऱ्यांच्या वेषात गात फिरतात. ही परंपरा बाँडची नव्हे, यमपटवाल्याची आहे. पश्चिमेकडील उदाहरण हवे असेल तर हिचकॉकचा ‘नटोरियस’ (१९४६) घ्यावा. त्यात दारूच्या बाटलीत लपविलेल्या युरेनियमचे आज कोणाला कौतुक वाटत नाही. परंतु नायिकेच्या मुठीतील तळघराची किल्ली आणि सासू-नवऱ्याने दिलेला विषारी कॉफीचा पेला आजही अंगावर काटा आणतो.

तात्पर्य, हेरकथेचा खरा विषय गुप्त यंत्र नव्हे, विश्वासाचा भंग हा आहे. यंत्रे बदलतात, विश्वास टाकण्याची माणसाची गरज बदलत नाही. ज्या हेरपटाने आपले भांडवल यंत्रांत गुंतविले त्याचे दिवाळे निघते. ज्याने ते नात्यांत गुंतविले त्याला मुद्दल तरी परत मिळते. ‘आँखें’ने दोन्हीकडे गुंतविले, म्हणून तो अर्धा म्हातारा झाला आणि अर्धा जिवंत राहिला.

तथापि येथेच न थांबता एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. विश्वासभंगाचे भय जितके प्रभावी, तितकेच ते धोक्याचे. घरात राहणारी बाई शत्रूची निघाली की, प्रेक्षक पडद्याबाहेरही शेजाऱ्याकडे, परक्या वेषाच्या वा परक्या बोलीच्या माणसाकडे त्याच नजरेने पाहू लागतो. घरी मराठी आणि बाजारात माळवी किंवा हिंदी बोलणाऱ्या आमच्यासारख्यांना हे विशेष जाणवते. दोन बोली बोलणारा माणूस दोन निष्ठांचा असतोच असे नाही. विशाखदत्ताने हा धोका ओळखला होता. त्याच्या नाटकात हेरांचे जाळे विजयी होते खरे. पण शेवटी राक्षस पकडला जातो तो कपटाने नव्हे. मित्र चंदनदासाला वधस्तंभावरून सोडविण्यासाठी तो आपण होऊन पुढे येतो. निष्ठेचा विजय मान्य करूनच नाटक संपते. ‘आँखें’च्या शेवटी शत्रू मरतो, मात्र ज्या घरातला विश्वास मोडला, ते घर पुन्हा एकमेकांवर विश्वास टाकायला कसे शिकले, हे तो दाखवीत नाही. माझ्या मते त्याचे खरे वार्धक्य यंत्रांत नाही, या उणिवेत आहे.

शिक्षकबंधूंनी व भगिनींनी असे जुने चित्रपट वर्गात चर्चेला घ्यावेत. मुले हसतील, त्यांना हसू द्यावे, कारण तेही एक मूल्यमापनच आहे. मग ती कोठे हसायची थांबली, ते टिपून ठेवावे आणि चर्चा तेथून सुरू करावी. गौतमपुऱ्यातील त्या दुपारी चित्रपट संपल्यावर घरातील सर्वांत धाकट्या मुलीने मला विचारले, “काका, ती आजी खोटी आहे हे घरच्यांना आधी कसं कळलं नाही?” मी म्हणालो, “त्यांचा तिच्यावर विश्वास होता, बाळ.” ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “मग चूक त्यांची नव्हती.” पन्नासांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका चित्रपटावर याहून नेमका अभिप्राय मला आजवर सुचलेला नाही.