जुन्या डिझेलची हरवलेली ओढ

कळंबोली सर्कलला शीव-पनवेल महामार्ग, जेएनपीटीकडचा रस्ता, मुंब्र्याहून येणारा रस्ता आणि पुण्याचा द्रुतगती मार्ग असे सगळे एकत्र येतात. शेजारीच सिडकोने वसवलेला लोखंड-पोलाद बाजार. सळया, अँगल, पत्रे, कॉइल भरलेले ट्रक आणि टेम्पो इथून निघतात, आणि पुण्याच्या दिशेने जाणाऱ्या गाडीला खोपोलीपर्यंत फारसं काही जाणवत नाही. खरी परीक्षा पुढे बोरघाटात होते. समुद्रसपाटीजवळून निघालेली गाडी लोणावळ्यात पोचेपर्यंत सहाशे मीटर वर चढलेली असते. पंधरा-वीस वर्षं राबलेलं डिझेल इंजिन या चढावर दुसऱ्या गिअरवर येतं, काळा धूर सोडतं, तापमानाचा काटा वर सरकतो आणि मागे हॉर्नचा गजर सुरू होतो. घाट उतरल्यावर मालक मिस्त्रीकडे एकच गाऱ्हाणं घेऊन जातो: गाडी ओढत नाही, थोडी ताकद वाढवून द्या, पण खर्च फार नको.

ताकद वाढवता येते. मात्र त्याआधी एक हिशेब करायला हवा. कारखान्यातून बाहेर पडताना इंजिनात जेवढी ताकद होती, तेवढी आज तरी आहे का? बहुतेक जुन्या गाड्यांत ती नसते. थोडी एअर फिल्टरमध्ये अडकलेली असते, थोडी नोझलमध्ये, थोडी झिजलेल्या रिंगांमधून निसटते आणि थोडी चिकटलेल्या ब्रेकमध्ये जळून जाते. ही हरवलेली ताकद परत मिळवणं हे नवी ताकद बसवण्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडतं.

आपल्याकडे जुनं डिझेल म्हटलं की काही ठरावीक इंजिनं डोळ्यांपुढे येतात. १९८६ मध्ये बाजारात आलेला टाटा ४०७ आणि त्याचं ४९७ इंजिन, मोठ्या ट्रकांचं ६९७, महिंद्राच्या एमएम ५४० जीपमधलं प्यूजो बनावटीचं एक्सडीपी ४.९०. या नावांतच इंजिनाचं माप दडलेलं आहे. ४९७ म्हणजे चार सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर. ६९७ म्हणजे तोच बोअर, पण सहा सिलिंडर. एक्सडीपी ४.९० मध्ये चार सिलिंडर आणि ९० मिलिमीटरचा बोअर. टाटांच्या जुन्या ट्रकांची नावंही अशीच वाचता येत. १२१० म्हणजे साधारण १२ टनांची गाडी आणि शंभराच्या आसपास अश्वशक्ती. बारा टनांना शंभर घोडे! आजच्या मानाने हे प्रमाण फारच तोकडं वाटतं, पण देशाचा माल अशाच गाड्यांनी कित्येक वर्षं वाहिला.

या इंजिनांत संगणक नाही, सेन्सर नाहीत. त्यामुळे त्यांच्यावर काम करणं सोपं आहे आणि त्यांचा नाश करणंही तितकंच सोपं आहे.

पेट्रोल इंजिनात पेडल दाबलं की हवेचा दरवाजा उघडतो. बहुतेक जुन्या डिझेलमध्ये असा दरवाजाच नसतो. प्रत्येक फेऱ्यात सिलिंडर जेवढी मावेल तेवढी हवा ओढतो, ती दाबून तापवतो आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला जातो. पेडल फक्त डिझेलचं प्रमाण बदलतं. एक किलो डिझेल पुरतं जाळायला कागदावर साधारण साडेचौदा किलो हवा लागते. पण फवाऱ्यातलं डिझेल हवेत सगळीकडे सारखं मिसळत नाही, म्हणून प्रत्यक्षात हवेचं प्रमाण वीस किलोच्या आसपास आलं की धूर दिसू लागतो. चुलीत लाकडं कोंबली आणि फुंकर घातली नाही तर घर धुराने भरतं. इंजिनात नेमकं हेच होतं. काळा धूर हा ताकदीचा पुरावा नव्हे. ते न जळलेलं इंधन आहे, आणि त्याचे पैसे मालकाने भरलेले आहेत.

तरीही सर्वांत लोकप्रिय उपाय आहे तो ‘पंप वाढवण्याचा’. डिझेल पंपावर जास्तीत जास्त इंधनाची मर्यादा ठरवणारा एक स्क्रू असतो. पंप दुरुस्त करणारे तो टेस्ट बेंचवर लावून सील करतात. सील तोडून तो थोडा फिरवला की गाडीला लगेच पिकअप येतो, खर्च जवळपास शून्य. म्हणूनच हा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. पण हवा तेवढीच राहिली असेल तर वाढवलेल्या डिझेलचा मोठा भाग धूर आणि उष्णता होऊनच बाहेर पडतो. एक्झॉस्टचं तापमान सातशे अंशांपलीकडे जाऊन तिथेच टिकलं, तर इंजिन धोक्याच्या पट्ट्यात असतं. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, आणि पिस्टन अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. सपाट रस्त्यावर हे निभावून जातं. लांबच्या चढावर, पेडल पूर्ण दाबलेलं असताना, पिस्टन जळतो, हेड वाकतं, गॅस्केट उडतं. मग फुकटात मिळालेल्या पिकअपची किंमत पुऱ्या इंजिनकामाएवढी होते.

म्हणून सुरुवात हवेपासून करावी. स्टील बाजार आणि ट्रक टर्मिनलच्या परिसरात धूळ अमाप, आणि तिथे उभ्या राहणाऱ्या गाडीचा फिल्टर लवकर चोंदतो. जुन्या जीप-ट्रकमध्ये ऑइल बाथ फिल्टर असेल तर तो रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन, नवं ऑइल खुणेपर्यंतच भरायचं. जास्त भरलं तर इंजिन तेच ऑइल ओढू लागतं. त्याहून दुर्लक्षित गोष्ट म्हणजे हवा कुठून ओढली जाते. फिल्टरचा पाइप तुटलेला असेल तर इंजिन बॉनेटखालची तापलेली हवा घेतं. बाहेर ३० अंश आणि बॉनेटखाली ६० अंश असतील, तर त्या गरम हवेत प्राणवायू सुमारे ९ टक्क्यांनी कमी असतो. साधा रबरी पाइप जागेवर बसवून मिळणारा हा फायदा कुठल्याही महागड्या ‘परफॉर्मन्स फिल्टर’पेक्षा मोठा आहे. घाटात तर तो जास्तच मोलाचा, कारण टर्बो नसलेलं इंजिन दर शंभर मीटर उंचीला साधारण एक टक्का ताकद गमावत जातं.

दुसरी तपासणी इतकी सोपी आहे की ती कोणी करतच नाही. एकाने पेडल तळापर्यंत दाबायचं आणि दुसऱ्याने पंपावरचा लिव्हर शेवटच्या टोकाला टेकतो का ते पाहायचं. तार ताणली गेली असेल, पेडलखाली जाड मॅट आली असेल, तर इंजिनाला पूर्ण डिझेल कधी मिळतच नाही. मग पाळी डिझेल फिल्टरची, फीड पंपाच्या जाळीची आणि लाइनमध्ये हवा शिरते का त्याची.

नोझलवर खर्च करायला मात्र मागेपुढे पाहू नये. झिजलेलं नोझल बारीक फवारा मारण्याऐवजी डिझेल ठिबकवतं. ते उशिरा जळतं, धूर वाढतो आणि ओढ जाते. बॉश कंपनीचा, म्हणजे पूर्वीच्या मायकोचा, नाशिकचा कारखाना याच नोझल आणि इंजेक्टरसाठी ओळखला जातो, आणि गॅरेजमध्ये आजही पंपाला ‘मायको पंप’ म्हणणारे मिस्त्री भेटतात. सगळी नोझलं एकदम काढून दाब तपासून घ्यावा, पंप बेंचवर कॅलिब्रेट करून प्रत्येक सिलिंडरला सारखं डिझेल मिळतंय याची खात्री करावी, टायमिंग कंपनीच्या खुणेवर आणावं, टॅपेट सेट करावेत. एवढं झाल्यावर अनेक गाड्या पुन्हा तरुण होतात.

होत नसतील तर ऑइल भरायचं झाकण इंजिन चालू ठेवून उघडावं. तिथून भकाभका धूर येत असेल, तर मिस्त्री ज्याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात ते हेच. रिंगा आणि लाइनर झिजल्यामुळे जळालेला वायू पिस्टनच्या बाजूने खाली निसटतोय. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर ऑइल जळतंय. अशा इंजिनावर पंप वाढवणं किंवा टर्बो लावणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. आधी लाइनर-पिस्टन बदलून काम करून घ्यावं, नाहीतर गाडी आहे तशी सावकाश चालवावी.

इंजिनाच्या बाहेरही बरीच ताकद वाया जाते. दहा-बारा किलोमीटर चालवल्यावर चारही ड्रमजवळ हात नेऊन पाहावा. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर तो ब्रेक चिकटतोय. टायरमध्ये हवा कमी असणं हाही असाच छुपा चोर. आणि मग माल. शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरने जाताना १२ टनांच्या गाडीला केवळ वजन वर उचलायला सुमारे ६६ अश्वशक्ती लागते. त्याच गाडीत तीन टन लोखंड जास्त भरलं की हा आकडा ८२ वर जातो. सोळा अश्वशक्ती मिळवण्यासाठी मालक इंजिन उघडायला तयार होतो, पण तीन टन कमी भरून तेवढीच ताकद त्याच दिवशी मोकळी होते. धंद्याच्या दबावात हे सांगणं सोपं आणि पाळणं अवघड आहे, हे खरं. तरीही गाडीचं आयुष्य आणि घाटातली सुरक्षितता यांसाठी यापेक्षा परिणामकारक उपाय नाही.

जीपवाल्यांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे हौसेने मोठे टायर लावले जातात आणि मग पिकअप गेल्याची तक्रार होते. टायरचा व्यास दहा टक्क्यांनी वाढला की चाकाशी मिळणारी ओढ जवळपास तेवढीच घटते, कारण सगळे गिअर लांब झाल्यासारखे होतात. अशा वेळी इंजिनाला हात न लावता क्राउन-पिनियनचं गुणोत्तर बदलता येतं. ४.२७ च्या जागी ४.८८ बसवलं तर प्रत्येक गिअरमध्ये ओढ सुमारे १४ टक्क्यांनी वाढते, आणि त्याच वेगाला इंजिन तेवढंच जास्त फिरतं. हमरस्त्यावर आवाज वाढतो, चढावर गाडी खुशीत चालते. मूळ मापाचे टायर परत लावणं अर्थात आणखी स्वस्त.

राहता राहिला टर्बो. एक्झॉस्टच्या वायूने पंखा फिरवून इंजिनात जास्त हवा दाबायची, ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये पेटंटमध्ये मांडली. डिझेलला ती फार मानवली, कारण जास्त हवा आली की जास्त डिझेल स्वच्छ जाळता येतं. टाटांच्या ६९७ चीही पुढे टर्बोवाली ६९७ टीसी ही आवृत्ती निघाली. म्हणून अनेकांना वाटतं, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुना टर्बो आणावा आणि जोडून टाकावा. पण मिनिटाला लाखभर फेरे घेणाऱ्या त्या दांड्याला सतत स्वच्छ ऑइल लागतं. जुन्या टर्बोचा दांडा हाताने हलत असेल तर तो घेऊच नये. कारखाना टर्बो जोडतो तेव्हा पिस्टन, रिंगा, कूलिंग यांचाही विचार करतो. घरगुती जोडणीत तो विचार होत नाही. ज्याला हे करायचंच आहे त्याने दाब अर्ध्या बारच्या आत ठेवावा आणि एक्झॉस्टचं तापमान दाखवणारं मीटर आधी बसवावं.

आणि कायदा विसरू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलांशी न जुळणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलांविरुद्ध जाणारे बदल मान्य नसल्याचं सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा बदलाबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. इंजिन बदलायचंच असेल तर त्याच जातीचं घ्यावं आणि आरटीओत रीतसर नोंद करावी. पीयूसीत बीएस-४ पूर्वीच्या डिझेलला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकक आहे, बीएस-४ च्या गाड्यांना ५०. पंप वाढवलेली गाडी बहुधा इथेच अडकते.

काम झाल्यावर फरक पडला का ते अंदाजाने ठरवू नये. तेवढाच माल, तोच चढ, तोच गिअर ठेवून किती वेळ लागतो ते मोजावं, आणि धूर व तापमान दोन्ही लिहून ठेवावेत. ओढ वाढलेली दिसली तर रेडिएटर आतून-बाहेरून साफ करून घ्यावा, पंख्याचा पट्टा बदलावा आणि ब्रेक लायनर तपासावेत. कारण जास्त वेगाने घाट चढणारी गाडी उतारावरही जास्त वेगाने येते, आणि जुन्या गाडीचे ड्रम ब्रेक त्या जुन्या, कमी ताकदीच्या इंजिनाच्या हिशेबानेच बनवलेले असतात.