शेवट आधीच सांगणारा सिनेमा

मुलांना ‘द डायरी ऑफ ॲन फ्रँक’ (१९५९) दाखवणार असाल, तर पहिल्या प्रसंगापाशी जरा थांबा. युद्ध संपलंय. नाझींपासून लपलेल्या आठ ज्यूंपैकी एकटे ॲनचे वडील ॲम्स्टरडॅमच्या त्या माळ्यावर परततात आणि लेकीची डायरी उघडतात. म्हणजे शेवट आपल्याला आधीच कळतो. मग जीव कशात अडकतो? आवाजात! दिवसा खाली कामगार असतात, म्हणून वर पाऊलही वाजवायचं नाही. सायरन, चोराची चाहूल, भांड्यांजवळ फिरणारं मांजर... प्रत्येक वेळी आपणही श्वास रोखतो. शिवाय दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स रुंद पडदासुद्धा खांब-तुळयांनी अडवून अरुंद करतात. एखादा प्रसंग मुलांना डोळे मिटून नुसता ऐकू द्या. मग विचारा, ‘भीती कधी वाटली?’