न्यूरीचा नाका आणि व्यापाराची अट

डब्लिनहून बेलफास्टला मोटारीने निघालं, की डंडॉक मागे पडल्यावर आणि न्यूरी येण्याआधी वेगमर्यादेची पाटी बदलते. किलोमीटरच्या जागी मैल येतात. रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी होते. आयर्लंडचं प्रजासत्ताक संपून ब्रिटनचा भाग असलेलं उत्तर आयर्लंड सुरू झालं, याची एवढीच खूण. फाटक नाही, बंदूकधारी नाही, कुणी कागद मागत नाही. याच न्यूरीत 22 ऑगस्ट 1972 रोजी कस्टमच्या नाक्यावर बॉम्ब फुटला आणि नऊ माणसं मेली. त्यांत कस्टमच्या कामातले चार कारकून होते, दोन ट्रकचालक होते आणि बॉम्ब घेऊन आलेले आयआरए या ब्रिटनविरोधी सशस्त्र संघटनेचे तिघे होते.

ब्रिटन-अमेरिका व्यापार कराराला उत्तर आयर्लंडच्या शांतता कराराची अट कशाला जोडायची, असं ब्रेक्झिटच्या काळात अनेकांनी विचारलं. आजही विचारतात. त्यांनी आधी हा नाका डोळ्यांसमोर आणावा.

‘व्यापार वेगळा, शांतता वेगळी’

हा सगळ्यात मोठा गैरसमज. आयर्लंडच्या फाळणीनंतर 1 एप्रिल 1923 पासून या सीमेवर कस्टमचे नाके बसले. पुढे उत्तर आयर्लंडमधल्या हिंसाचाराच्या वर्षांत हेच नाके हल्ल्याचं सोपं लक्ष्य ठरले. सुमारे पाचशे किलोमीटरच्या या सीमेवरून दोनशेहून जास्त रस्ते जातात. ब्रिटिश लष्कराने त्यांतले कितीतरी काँक्रीटचे ठोकळे टाकून बंद केले, काही स्फोट घडवून उखडले. शेत एका देशात आणि घर दुसऱ्या देशात असलेल्या माणसाला मैलोन्‌मैल वळसा पडू लागला. युरोपची एकसंध बाजारपेठ झाली आणि 1 जानेवारी 1993 पासून कस्टमची तपासणी संपली. हिंसाचार थांबवणारा शांतता करार, म्हणजे गुड फ्रायडे करार, झाला 10 एप्रिल 1998 रोजी. त्यानंतरच्या काही वर्षांत लष्कराचे टेहळणी मनोरेही उतरले. रस्ता आधी व्यापारासाठी मोकळा झाला आणि मग शांततेने तो मोकळा ठेवला.

आता ब्रेक्झिटमुळे सीमेच्या दोन बाजूंना आयातशुल्क वेगळं झालं, तर माल तपासावा लागतो. तपासायला नाका लागतो, नाक्याला पोलीस लागतात आणि पोलिसांच्या रक्षणाला लष्कर. ही साखळी कुणा कवीच्या कल्पनेतली नाही. उत्तर आयर्लंडच्या पोलीसप्रमुखांनी 2018 मध्ये जाहीरपणे हाच धोका बोलून दाखवला होता. इकडे मोकळ्या सीमेमुळे गिनेसची बिअर डब्लिनमध्ये तयार होऊन टँकरने बेलफास्टला जात होती, तिथे बाटल्या-डब्यांत भरली जात होती आणि निर्यातीसाठी परत डब्लिनला येत होती. उत्तरेतलं दूध प्रक्रियेसाठी दक्षिणेत जात होतं. माणसं सकाळी एका देशातून निघून दुसऱ्या देशात कामाला लागत होती.

‘सीमेवर नाके नकोत, असं करारातच लिहिलंय’

हा गैरसमज कराराच्या चाहत्यांचा आहे आणि तोही दूर व्हायला हवा. 1998 च्या करारात लष्करी ठाणी हटवण्याची हमी आहे, उत्तर-दक्षिण सहकार्याच्या संस्था आहेत, उत्तर आयर्लंडचं भवितव्य तिथल्या बहुमतानेच ठरेल हे तत्त्व आहे. कस्टम नाक्यांवर सरळ बंदी मात्र नाही. तेव्हा दोन्ही देश युरोपीय संघात होते, तो प्रश्नच उद्भवला नव्हता. ‘कठोर सीमा नको’ हे वचन ब्रिटनने डिसेंबर 2017 मध्ये युरोपीय संघाबरोबरच्या संयुक्त अहवालात दिलं. म्हणजे मोकळी सीमा हे कराराचं लिखित कलम नव्हे. पण करार ज्या जमिनीवर उभा आहे, ती जमीन हीच.

‘अमेरिका उपरी, तिने दमदाटी केली’

करारावर सह्या ब्रिटन आणि आयर्लंडच्या सरकारांच्या आहेत, अमेरिकेची नाही. हे खरं. पण वाटाघाटींच्या अध्यक्षस्थानी होते अमेरिकेचे माजी सिनेटर जॉर्ज मिचेल. ज्याने दोघांना एका टेबलाशी बसवलं, त्याने पुढे हात झटकावेत ही अपेक्षाच विचित्र आहे.

8 सप्टेंबर 2020 रोजी ब्रिटनचे मंत्री ब्रँडन लुइस यांनी संसदेच्या कॉमन्स सभागृहात मान्य केलं, की सरकारच्या नव्या इंटर्नल मार्केट विधेयकाने आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग होतो, मर्यादित स्वरूपात का होईना. उत्तर आयर्लंडबाबत आदल्याच वर्षी युरोपीय संघाशी झालेला समझोता त्यातून मोडणार होता. दुसऱ्याच दिवशी अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या सभापती नॅन्सी पलोसी यांनी बजावलं, की असं झालं तर ब्रिटनबरोबरचा व्यापार करार काँग्रेसमध्ये मुळीच मंजूर होणार नाही. पाठोपाठ अध्यक्षपदाचे उमेदवार जो बायडन यांनीही तेच सांगितलं. नाक दाबलं की तोंड उघडतं, तसा हा प्रकार, असं टीकाकारांना वाटलं. पण परदेशी व्यापाराचे नियम ठरवण्याचा अधिकार अमेरिकेच्या राज्यघटनेने काँग्रेसलाच दिला आहे. कुठला करार मंजूर करायचा आणि कुठल्या अटीवर, हे आधी सांगणं म्हणजे दमदाटी नव्हे. माझ्या मते तो प्रामाणिकपणा आहे.

‘त्या इशाऱ्यानेच ब्रिटन नमलं’ आणि ‘त्यामुळेच करार अडला’

दोन्ही अर्धसत्य. विधेयकातली वादग्रस्त कलमं डिसेंबर 2020 मध्ये मागे घेतली गेली, पण त्याआधी लॉर्ड्स सभागृहाने ती उडवून लावली होती, युरोपीय संघाने कायदेशीर कारवाई सुरू केली होती आणि ब्रिटन आणि संघाच्या संयुक्त समितीत तोडगाही निघाला होता. अमेरिकेचा इशारा हे त्यातलं एक वजन. आणि ब्रिटन-अमेरिका मुक्त व्यापार करार रखडला, तो मुख्यतः बायडन सरकारला असे करार कुणाशीच करायचे नव्हते म्हणून.

‘शांततेचं रक्षण म्हणजे एकाच बाजूचं रक्षण’

इथे ब्रिटनवादी प्रॉटेस्टंट समाजाचं म्हणणं मनापासून ऐकायला हवं. युरोपीय संघाशी झालेल्या समझोत्याने जमिनीवरचा नाका टळला, पण मुख्य ब्रिटनमधून उत्तर आयर्लंडमध्ये समुद्रमार्गे येणाऱ्या मालाची तपासणी सुरू झाली. आपल्याच देशातून माल आणायला कागदपत्रं का, हा त्यांचा सवाल रास्त आहे. याच रागातून डीयूपी हा ब्रिटनवादी पक्ष फेब्रुवारी 2022 मध्ये सत्तेतून बाहेर पडला आणि दोन वर्षं बेलफास्टमधलं सरकार ठप्प राहिलं. दोन समाजांनी मिळून राज्य करणं हाच 1998 च्या कराराचा गाभा. तोच थांबला, तर मोकळ्या रस्त्याचं समाधान अपुरंच. ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यातल्या 2023 च्या विंडसर आराखड्याने ही तपासणी बरीच सैल केली.

आपलाही धागा इथे येऊन मिळतो. भारत आणि ब्रिटन यांच्या व्यापार करारावर 24 जुलै 2025 रोजी सह्या झाल्या. सोलापूरचे टॉवेल लंडनला गेले तर शुल्काचा हिशेब सरळ आहे. तेच बेलफास्टला गेले, तर माल उत्तर आयर्लंडमध्येच राहणार की सीमा ओलांडून युरोपीय संघात जाऊ शकतो, हे आधी पाहिलं जातं. न्यूरीच्या रस्त्यावर फाटक नसावं, यासाठी मोजलेली ही किंमत आहे.

समुद्रमार्गे येणाऱ्या मालाच्या तपासणीची ही व्यवस्था पुढे चालू ठेवायची का, यावर उत्तर आयर्लंडच्या विधानसभेत डिसेंबर 2024 मध्ये मतदान झालं. ठराव 48 विरुद्ध 36 मतांनी मंजूर झाला, पण त्याला ब्रिटनवाद्यांची साथ नव्हती. ती असती तर पुढचं मतदान आठ वर्षांनी झालं असतं. आता ते चार वर्षांनी, 2028 मध्ये होईल.