तलवाड्याची वाट पुसतांना

सोलापूर–धुळें महामार्गानें फटफटीवरून लांबच्या प्रवासास निघालेल्यास त्वरितादेवीच्या तलवाड्यास जाण्याकरितां गेवराईहून आंत वळावें लागतें. नकाशा एखादी जवळची पाणंदही दाखवितो. पण पावसाळ्यांत त्यावर विसंबूं नये. इकडील काळी माती पाणी पिऊन फुगते, चिकट होते आणि चाक व मडगार्ड यांमध्यें गच्च बसून चाकच धरून ठेवते. म्हणून गांवकऱ्यास नुसतें "ही वाट कोठें जाते?" असें न पुसतां, "काल पाऊस झाला काय? आज इकडून कोणाची फटफटी आली काय?" असें पुसावें. तो नको म्हणाला, तर लांबची डांबरी सडकच धरावी. मीं एकदां ऐकलें नाहीं. काठीनें चिखल खरवडतां खरवडतां दिवस मावळला.