कडा गोल केल्या, तरी रेघ का दिसते? कॅडमधल्या स्मूथ सरफेसची गोष्ट

आधी एक छोटा प्रयोग करा. मोबाईलचं कव्हर काढा, स्क्रीन बंद करा आणि फोन ट्यूबलाइटखाली धरून हळूहळू तिरका करा. ट्यूबचं प्रतिबिंब सपाट भागावरून कडेकडे सरकताना नीट बघा. काही फोनवर ते अलगद वळत जातं, काहींवर कडेपाशी आल्यावर एकदम मोडल्यासारखं दिसतं. बोट फिरवलं तर दोन्ही फोन गुळगुळीतच लागतात. मग फरक कुठे आहे?

हा फरक मला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी कळला, तोही मार्क गमावून. प्रोजेक्टसाठी मी कॅड सॉफ्टवेअरमध्ये कॉम्प्युटर माउसची बॉडी डिझाइन केली होती. सगळ्या कडांना ५ मिमीचा फिलेट दिला, म्हणजे कडा गोल केल्या. थ्रीडी प्रिंट काढली, पॉलिश पेपरने घासली, वर काळा ग्लॉसी रंग मारला. परीक्षक सरांनी ती उचलून खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाले, "इथे रेघ दिसतेय." मी म्हटलं, "सर, अजून घासतो." ते म्हणाले, "घासून जाणार नाही. ती तुझ्या मॉडेलमध्येच आहे."

रेघ आली कुठून?

उत्तर आहे वक्रता, म्हणजे एखादी रेषा किती जोरात वळते त्याचं माप. वर्तुळाची वक्रता म्हणजे १ भागिले त्रिज्या. माझ्या फिलेटची त्रिज्या ५ मिमी, म्हणजे वक्रता ०.२. त्याला लागून असलेला भाग सपाट, म्हणजे वक्रता ०. जिथे दोन्ही भेटतात तिथे वक्रता ० वरून एकदम ०.२ वर उडी मारते. ही उडी बोटाला जाणवत नाही, पण प्रतिबिंब तिथेच वाकतं आणि डोळ्याला लगेच रेघ दिसते.

बाइकवरून जाताना विचार करा. सरळ रस्ता संपून थेट वर्तुळाकार वळण लागलं, तर हँडल एका क्षणात वळवावं लागेल. वळण हळूहळू वाढत गेलं, तर हँडलही हळूहळू वळतं. रेल्वेमार्गावर सरळ रूळ आणि वळण यांच्यामध्ये असाच हळूहळू वळत जाणारा तुकडा टाकतात, नाहीतर डब्याला झटका बसेल.

कॅडमध्ये दोन सरफेस कसे जोडले आहेत, हे सांगायला तीन मुख्य पातळ्या आहेत:

- जी-झीरो: कडा फक्त एकमेकींना टेकल्या आहेत. मध्ये धार असू शकते.
- जी-वन: दोन्हींची दिशा एकच आहे. धार नाही, पण वक्रता उडी मारू शकते. साधा फिलेट इथे येतो.
- जी-टू: जोडावर वक्रताही जुळते. प्रतिबिंब न मोडता पुढे जातं.

मग असा वळणदार सरफेस बनतो कसा?

कॉम्प्युटर नव्हते तेव्हा जहाजांचे कारागीर लाकडाची लवचिक पट्टी वाकवायचे, ती जागोजागी वजनांनी दाबून धरायचे आणि तिच्या कडेने रेषा ओढायचे. या पट्टीला स्प्लाइन म्हणतात. कॅडमधला 'स्प्लाइन' हा शब्द तिथूनच आला.

हे काम गणिताने करायची पद्धत फ्रान्समधल्या दोन कार कंपन्यांत वेगवेगळी तयार झाली. सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये ती शोधली, पण कंपनीने ती गुप्त ठेवली. रेनॉमधल्या पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात आपलं काम प्रसिद्ध केलं, म्हणून त्या वक्राला नाव पडलं 'बेझिए कर्व्ह'.

कास्तेल्जोंची युक्ती कागदावर करून बघता येते. चार ठिपके काढा आणि ते ओळीने जोडा. तीन रेषा मिळाल्या. प्रत्येकीचा मध्यबिंदू काढून ते जोडा, दोन रेषा मिळतील. त्यांचे मध्यबिंदू जोडा, एक रेषा उरेल. तिचा मध्यबिंदू वक्रावरचा बिंदू आहे. मध्याऐवजी प्रत्येक वेळी एक चतुर्थांश अंतर घेतलं, तर वक्रावरचा दुसरा बिंदू मिळतो. वक्र पहिल्या आणि शेवटच्या ठिपक्यातून जातो, मधले दोन त्याला नुसते आपल्याकडे ओढतात. या ठिपक्यांना कंट्रोल पॉइंट म्हणतात. चार बाय चार असे १६ पॉइंट जाळीसारखे घेतले की रेषेऐवजी सरफेसचा एक तुकडा तयार होतो.

गंमत म्हणजे तुम्ही आत्ता वाचताय ती देवनागरी अक्षरंही याच कुटुंबातल्या वक्रांनी काढलेली आहेत. फॉन्टच्या फाइलमध्ये अक्षराचं चित्र नसतं, कंट्रोल पॉइंट असतात. म्हणून कितीही झूम केलं तरी अक्षराची कड फाटत नाही.

शिकायला सुरुवात करताय? मग हे लक्षात ठेवा

१. पॉइंट कमी ठेवा. आकार जमत नाही म्हणून मी पॉइंट वाढवत जायचो आणि सरफेसवर लाटा यायच्या. आहेत तेच पॉइंट हलवून आधी बघा.

२. मोठे सरफेस आधी, कडा शेवटी. माउसची पाठ, बाजू असे मोठे भाग पहिल्यांदा नीट करा. ते बिघडलेले असतील तर फिलेट त्यांना वाचवू शकत नाही.

३. फिलेटचा पर्याय तपासा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये साध्या फिलेटऐवजी जी-टू निवडता येतो. एका क्लिकचा फरक आहे, पण निकालात तो लगेच दिसतो.

४. झेब्रा लावून बघा. हे टूल मॉडेलवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं प्रतिबिंब दाखवतं. जोडावर पट्टे तुटले तर जी-झीरो, जुळले पण कोपरा आला तर जी-वन, अलगद वळले तर किमान जी-टू.

ब्लेंडर या फुकट सॉफ्टवेअरमध्ये दुसरा रस्ताही आहे. साधा ठोकळा घ्यायचा, त्याच्या बाजू ओढायच्या आणि सॉफ्टवेअर त्याचे पुन्हा पुन्हा छोटे भाग करून गोलाई आणतं. ही कॅटमुल-क्लार्क पद्धत १९७८ ची. पण ज्या बिंदूवर चारऐवजी तीन किंवा पाच कडा मिळतात, तिथे वक्रता नीट जुळत नाही. असे बिंदू चमकणाऱ्या भागापासून लांब ठेवा.

माउसची बॉडी मी नंतर पुन्हा केली. फिलेट सगळे काढून टाकले, पाठीचा सरफेस निम्म्या पॉइंटमध्ये बसवला आणि जोड जी-टू केले. मार्क काही वाढले नाहीत, सबमिशन कधीच संपलं होतं. पण नवीन प्रिंट रंगवून त्याच खिडकीत धरली, तेव्हा उजेडाची पट्टी पाठीवरून बाजूला न अडखळता उतरली.