आधी रंगीत तालीम

पहाटे ५.२०
रात्रपाळीच्या मुलाचा फोन. "मॅडम, ओएसटी सात रीड-ओन्ली झालाय." रात्री वीज गेली होती आणि जनरेटरनं लोड घ्यायला उशीर केला होता. त्यात आज गुरुवार, पुण्यात वीजदुरुस्तीचा वार. म्हटलं, "डिझेल भरून घे. सर्व्हरला हात लावू नकोस."

६.१०
१९९१ साली सी-डॅकचा 'परम ८०००' महासंगणक याच शहरात घडला. आता इथल्या अनेक संस्थांत छोटेमोठे क्लस्टर आहेत, त्यातलाच आमचा एक. त्याची फाइल सिस्टीम लस्टर. फायलीचं नाव आणि पत्ता मेटाडेटा सर्व्हरवर, मजकुराचे तुकडे वेगवेगळ्या ओएसटींवर, म्हणजे साठवणीच्या डिस्क-संचांवर. एक ओएसटी बिघडला म्हणून सगळा क्लस्टर बंद करायची गरज नसते. सातवर नवं काही लिहू नकोस असं मेटाडेटा सर्व्हरला सांगितलं आणि सात अनमाउंट केला.

लॉगमध्ये कारण सापडलं. रेड कंट्रोलर मजकूर आधी स्वतःच्या कॅशमध्ये घेतो आणि "लिहिलं" म्हणून कळवून टाकतो. वीज गेली तर ती कॅश बॅटरीवर तगते. आमची बॅटरी संपलेली होती. रेड-६ दोन डिस्क गेल्या तरी सावरतं, पण डिस्कपर्यंत पोचलंच नाही त्याला ते काय करणार?

७.३०
वरिष्ठांचा फोन. "ई-टू-एफएसचेक चालवा, सगळ्याला 'हो' म्हणा, दहापर्यंत चालू करा." मी नाही म्हटलं. हा प्रोग्राम रचना सुसंगत करतो, त्यासाठी काही टाकूनही देतो, आणि टाकलेलं परत येत नाही. म्हणून आधी नुसतं बघायचं, काही न लिहिता. तेही लस्टरसाठीच्या आवृत्तीनं. मग ई-टू-इमेजनं सातच्या फक्त मेटाडेटाची प्रत काढली. अख्ख्या ओएसटीची प्रत घ्यायला दिवस गेला असता, हिला तेवढा वेळ लागत नाही. दुरुस्ती आधी त्या प्रतीवर चालवली. नाटकाची रंगीत तालीम करतात, तशी.

११.००
वीज गेली. जनरेटरनं या वेळी लोड घेतला. दाराशी पीएचडीची मुलगी उभी. "मॅडम, माझा डेटा गेला का?" कोणत्या फायलींचे तुकडे सातवर आहेत, त्याची यादी मेटाडेटा सर्व्हरवरून काढता येते. तिच्या फायली त्या यादीत होत्या. "आहेत सातवर. संध्याकाळी नक्की सांगते," एवढंच म्हणाले. खोटा दिलासा द्यायचा नाही.

१२.४०
तालमीत काय काय उखडतं ते पाहिलं. मग खऱ्या ओएसटीवर तीच दुरुस्ती, ओळन् ओळ लॉगमध्ये साठवत. जेवणाचा डबा तसाच राहिला.

३.३०
दुसरी फेरी स्वच्छ. पण बरेच तुकडे 'लॉस्ट अँड फाउंड'मध्ये पडलेले, नाव नसलेले. इथे लस्टर बनवणाऱ्यांना मनापासून दाद द्यावीशी वाटते. आपण कोणत्या फायलीचे आणि कितवे, हे प्रत्येक तुकड्यासोबतच नोंदलेलं असतं. लग्नातल्या भांड्यावर नाव कोरलेलं असतं ना, तसं. भांडं शेजारी गेलं तरी घर ओळखतं. पूर्वी हे तुकडे वेगळा प्रोग्राम चालवून जागेवर न्यावे लागत, आता एलएफएसचेक चालू फाइल सिस्टीमवर जुळवाजुळव करतो. तोच लावला.

६.१५
जुळणी संपली. वीज जाण्याआधीच्या शेवटच्या काही मिनिटांत लिहिलेलं मात्र मिळालं नाही. त्या मुलीच्या जुन्या फायली आल्या, रात्रीचा रन गेला. तिला तसंच सांगितलं.

७.००
सगळ्यांना मेल: फाइल उघडते म्हणजे मजकूर बरोबर आहे असं नाही. आम्ही रचना तपासली, मजकूर नाही. सोबतच्या यादीतल्या फायलींचे चेकसम जुळवा, ते नसतील तर काल रात्रीचे रन पुन्हा करा. स्क्रॅचचा, म्हणजे या तात्पुरत्या साठवणीचा, बॅकअप नसतो; प्रबंध तिथे असेल तर आजच हलवा.

नवी बॅटरी येईपर्यंत कंट्रोलर राइट-थ्रूवर ठेवला आहे, म्हणजे डिस्कवर पोचल्याशिवाय तो "लिहिलं" म्हणणार नाही. लिखाण मंद होईल. तुमच्याकडे असा सर्व्हर असेल, तर त्याच्या बॅटरीची स्थिती आजच बघा.